कीर्द गोटुलात उघडते तेव्हा

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा किंवा कोरची तालुक्यातल्या एखाद्या लहान गावात सकाळी सातला जाऊन पाहा. दारं नुसती लोटलेली. अंगणात कोंबड्या आणि एखादी म्हातारी. बाकी सगळं गाव मोहाखाली. रात्रभर गळलेली फुलं ऊन चढायच्या आत वेचायची, वाळवायची, साठवायची. कोणतं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे ठरलेलं असतं. त्याची नोंद कुठल्याही सातबाऱ्यावर नसते आणि त्यावरून रोज उठून भांडणंही होत नाहीत.

नेमका याच आठवड्यात ग्रामसेवक गावात येतो. आता कागदोपत्री त्याचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालं असलं तरी लोकांच्या तोंडी तो ग्रामसेवकच आहे. मोटारसायकलला अडकवलेल्या पिशवीत ठरावाचं रजिस्टर, अंगठ्यासाठी शाईचं पॅड आणि उपयोगिता प्रमाणपत्राचा कोरा नमुना. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपतं. निधी खर्ची पडला, काम गावानं पाहिलं, गावाला ते मान्य आहे, एवढा दाखला तालुक्याला पोचला नाही तर पुढचा हप्ता अडकतो. सभेला माणूस नाही. मग रजिस्टरच घरोघर फिरतं. संध्याकाळी थकून आलेली माणसं दिवा धरून सही करतात, अंगठा देतात. न झालेली सभा कागदावर होऊन जाते.

यात ग्रामसेवक लबाड असतोच असं नाही. त्याच्याकडे अनेकदा एकाहून जास्त ग्रामपंचायती, प्रत्येकीत तीन-चार गावं, शिवाय टोले, म्हणजे लहान वस्त्या. वरून फोनवर फोन. गावही बेपर्वा नसतं, वर्षभराच्या मीठमिरचीची सोय त्या चार आठवड्यांत करायची असते. सरकारी पैशाचं वर्ष एक आणि गावाचं वर्ष दुसरं, आणि दोन्ही वर्षांची घाईची वेळ एकच. परंपरेनं चालणाऱ्या गावात सरकारचा पैसा नीट का मुरत नाही, या प्रश्नाची सुरुवात इथून होते.

कायद्यानं काय कबूल केलं होतं

७३व्या घटनादुरुस्तीनं देशभर पंचायतराज आलं, पण घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या आदिवासी भागांना ते आपोआप लागू झालं नाही. तिथल्या गावांची स्वतःची व्यवस्था होती. तिच्यावर शहरी साच्याची पंचायत आणून बसवायची का, हा प्रश्न दिलीपसिंह भुरिया यांच्या समितीपुढे होता. १९९५ साली समितीचा अहवाल आला आणि २४ डिसेंबर १९९६ रोजी या अनुसूचित क्षेत्रांपर्यंत पंचायतींचा विस्तार करणारा ‘पेसा’ कायदा अमलात आला. महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत त्याचं कार्यक्षेत्र आहे. गडचिरोली त्यातला सर्वांत बोलका जिल्हा.

पेसाचं कलम ४ वाचताना आजही नवल वाटतं. गाव म्हणजे महसूल खात्याच्या नकाशावरचा तुकडा नाही. आपल्या रूढी-परंपरेप्रमाणे स्वतःचा कारभार पाहणारी वस्ती, मग ती चार घरांचा टोला का असेना, ती गाव. तिची ग्रामसभा रूढी, परंपरा, सांस्कृतिक ओळख, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे मिटवण्याची पारंपरिक रीत जपायला सक्षम. योजना राबवण्याआधी पंचायतीनं त्या ग्रामसभेची मंजुरी घ्यायची, लाभार्थी ग्रामसभेनं निवडायचे. आणि पोटकलम (च)मधली एक छोटी तरतूद अशी की पंचायतीनं पैसा कसा खर्च केला याचा दाखला ग्रामसभेकडून घ्यायचा.

म्हणजे ज्या उपयोगिता प्रमाणपत्रासाठी ते रजिस्टर दारोदार फिरतं, ते कायद्याच्या नजरेत गावानं सरकारवर केलेले उपकार नाहीत. तो गावाचा अधिकार आहे. वापरलाच जात नाही म्हणून तो आता फक्त एक कागद उरला आहे.

महाराष्ट्राला पेसाचे नियम करायला १७ वर्षांहून जास्त काळ लागला. ते मार्च २०१४ मध्ये निघाले. महसुली गावापासून लांबच्या टोल्याला ठराव करून स्वतंत्र गाव म्हणून घोषित होण्याची वाट त्यांनी दाखवली आणि ग्रामसभेला स्वतःचा कोष ठेवण्याची सोय केली.

भूमिया, पाटील आणि सरपंच

गोंड-माडिया गावात सरपंच असतोच, पण गावाचा शब्द त्याच्या आधी दुसऱ्यांकडे असतो. भूमिया असतो, गाव पाटील किंवा गायता असतो, पुजारी असतो. नावं आणि कामं भागाभागानुसार बदलतात. साधारणपणे भूमिया हा गाव वसवणाऱ्या घराण्यातला, गावाच्या मातीशी आणि देवाशी गावाचं नातं सांभाळणारा. पाटील तंटाबखेडा पाहणारा. अशा अनेक गावांचा मिळून इलाखा, आणि इलाख्याची सभा. यातल्या कुणालाही पगार नाही, मानधन नाही, शिक्का नाही.

त्यांच्या अधिकाराचा पोत कळायला मरका पंडुम पाहावा. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. झाडावर आंबा दिसत असला तरी पंडुम होईपर्यंत तो खायचा नाही. दिवस गावानं बसून ठरवायचा, भूमियानं पूजा करायची, मग सगळ्यांनी एकदम खायचं. असेच पंडुम इतर पिकांचे, फळांचे. वर पाहिलं तर हा धर्माचार. खाली पाहिलं तर साधा नियम आहे: सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टीला एकट्यानं आधी हात लावायचा नाही, आणि हात कधी लावायचा ते सगळ्यांसमोर ठरवायचं.

जंगलातून येणारी गोष्ट कशी वाटायची हे या व्यवस्थेला नीट कळतं. वरून येणारा पैसा मात्र तिच्या ओळखीचा नव्हता. तो हप्त्यानं येतो, प्रत्येक हप्त्याला लेखाशीर्ष असतं, एका शीर्षाचा पैसा दुसऱ्याला चालत नाही. त्याला अंदाजपत्रक लागतं, तांत्रिक मान्यता लागते, प्रशासकीय मान्यता लागते, मोजमाप पुस्तिका लागते. त्याला सही लागते, आणि ती भूमियाची चालत नाही. सही सरपंचाची. पेसा क्षेत्रात सरपंचपद अनुसूचित जमातीसाठी राखीव असतं, तेव्हा तोही आदिवासीच. पण गटग्रामपंचायतीत तो बहुतेक वेळा दुसऱ्या गावचा असतो, आणि ग्रामसभा भरते ती पंचायतीच्या मुख्य गावात. पाच-सात किलोमीटर चालून आलेल्या टोल्यातल्या माणसाला तिथे बसायला मिळतं, बोलायला मिळेलच असं नाही.

म्हणून गावानं मनातल्या मनात एक वाटणी करून टाकली आहे. ‘गावाचं काम’ वेगळं आणि ‘सरकारी काम’ वेगळं. गावाच्या कामाला घरटी माणूस येतो, तांदूळ येतात, वर्गणी येते, आणि काम संपलं की कुणी किती दिलं, किती उरलं, हे सगळ्यांसमोर तोंडी सांगितलं जातं. सरकारी कामाला ठेकेदार येतो, फलक लागतो आणि हिशेब पंचायतीच्या कपाटात जातो. पहिल्या कामातली एक वाटी तांदूळ कमी पडली तर गाव विचारतं. दुसऱ्यातल्या लाखाबद्दल विचारत नाही. ते पैसे आपले आहेत असं त्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं.

पाच टक्के

ही वाटणी मोडायचा सरकारचा सर्वांत गंभीर प्रयत्न म्हणजे ‘पेसा ५ टक्के अबंध निधी’. २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेनं ठरलं की आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींना थेट द्यायचा. एप्रिल २०१५ मध्ये त्याचा शासन निर्णय निघाला. निधी आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात, आणि तो गावांनी आपापल्या ग्रामसभेत ठरवून खर्च करायचा.

‘अबंध’ हा शब्द मोठा मोहक. बंधन नसलेला. पण निर्णयानं त्याचे चार कप्पे केले: पायाभूत सुविधा; वनहक्क आणि पेसा कायद्यांची अंमलबजावणी; आरोग्य, स्वच्छता व शिक्षण; आणि वन्यजीव, वन पर्यटन व वनउपजीविका. प्रत्येकाला चौथा हिस्सा. कप्पे करणाऱ्याचा हेतू चांगला होता. नाहीतर सगळा पैसा सिमेंटच्या रस्त्यात जातो, हे त्याला ठाऊक होतं. पण ज्या गावाला या वर्षी फक्त विहिरीतला गाळ काढायचा आहे त्याला वन पर्यटनाच्या चौथ्या हिश्शाचं करायचं काय, हे उरतंच. अशा वेळी आराखडा गाव लिहीत नाही. तालुक्याच्या गावी संगणकाजवळ बसलेला कुणी लिहितो, आणि शेजारशेजारच्या गावांचे आराखडे जुळ्या भावांसारखे निघतात. पुरवठादाराकडे जी वस्तू असते ती गावाची गरज ठरते.

तरी या निधीनं एक गोष्ट केली. टोल्याच्या नावानं पैसा येतो, हे टोल्याला पहिल्यांदा कळलं. जिथे ग्रामसभा जागी होती, जिथे गावातलाच एखादा शिकलेला मुलगा किंवा मुलगी मोबिलायझर म्हणून रजिस्टर हातात घेऊन बसली, तिथे या पैशानं मंडप आणि स्वयंपाकाची मोठी भांडीसुद्धा घेतली गेली. लग्नाला, सभेला ती भांडी गावातच वापरायची, बाहेरगावी भाड्यानं द्यायची, भाडं कोषात. शहरातून पाहणाऱ्याला हा विकास वाटणार नाही. पण ज्या गावानं आजवर मंडपासाठी तालुक्याच्या दुकानदाराला पैसे मोजले, त्याच्या दृष्टीनं ती पहिली सामाईक मिळकत होती, आणि तिचा हिशेब विचारायला कुणाला संकोच वाटला नाही.

कारण भांडी गावाच्या डोळ्यांसमोर असतात. एखादी परात हरवली तर दुसऱ्या दिवशी कळतं.

मेंढ्यातला रिवाज

कीर्द, म्हणजे जमाखर्चाची वही, गावात आणण्याचं एक जुनं उदाहरण धानोऱ्याजवळच आहे. मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचं गोंड गाव, कठाणी नदीच्या अंगाला. १९८०च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम धरणांविरुद्ध आंदोलन पेटलं, बाबा आमटे त्यात होते, आदिवासी नेते लालश्याम शहा होते. त्या चळवळीतून मेंढ्याचे देवाजी तोफा घडले. पुढे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल गावात येत राहिले, मार्गदर्शक म्हणून कमी आणि सोबत अभ्यास करणारे म्हणून जास्त. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा महाराष्ट्राला माहीत आहे. तिच्यामागचा रोजचा कंटाळवाणा रिवाज कमी माहीत आहे.

तो रिवाज असा. निर्णय बहुमतानं घ्यायचा नाही, सर्वसहमतीनं घ्यायचा. एकाचंही मन वळलं नसेल तर विषय पुढच्या सभेला. सभेला घरटी एक बाई आणि एक पुरुष. विषय कळत नसेल तर आधी अभ्यास गट बसवायचा, माहितगाराला बोलवायचं, पण त्यानं मत द्यायचं नाही, माहिती द्यायची. बाहेरच्या कुणालाही, अधिकाऱ्यालासुद्धा, गावात काम करायचं तर ग्रामसभेत येऊन सांगायचं. मिळकतीतला ठरलेला वाटा कोषात टाकायचा.

२००९ साली वनहक्क कायद्याखाली मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशातल्या पहिल्या हक्कांपैकी तो एक. तरी बांबू गावाबाहेर जाईना, कारण वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे होतं. हक्क गावाचा, पुस्तक खात्याचं, अशा अवस्थेत दोन वर्षं गेली. २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण सोबत होते, आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं.

त्या दिवसाचे फोटो पुष्कळ छापून आले. खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. बांबूचा पैसा लहान नव्हता, गावानं कधी पाहिला नव्हता एवढा होता. बँकेत खातं, ग्रामसभेच्या नावानं पॅन, निविदा, मजुरीचे हजेरीपट, व्यापाऱ्याकडून रक्कम आल्याशिवाय माल हलवायचा नाही हा नियम. रोजगार हमीच्या कामांसाठीही ग्रामसभा स्वतः यंत्रणा बनली. हे सगळं भूमियानं केलं नाही, सरपंचानंही केलं नाही. ज्यांना लिहिता-वाचता येत होतं अशा पोरांनी लिहिलं आणि सभेनं ऐकलं. रूढीनं दिलेली गोष्ट म्हणजे बसायची सवय: गोलाकार, घाई न करता, सगळ्यांचं बोलून होईपर्यंत. कायद्यानं दिलेली गोष्ट म्हणजे कागद. हिशेबाचं वाचन या दोन्हींच्या सांध्यावर उभं राहिलं.

२०१३ मध्ये गाव याच्याही पुढे गेलं. १९६४च्या ग्रामदान कायद्याखाली गावानं आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावानं केली, देवाजींची स्वतःची जमीन त्यात होती. कसणारा तोच, पण बाहेरच्याला विकणं बंद.

मेंढ्याचं कौतुक करताना एक धोका असतो. ते अपवाद म्हणून देव्हाऱ्यात बसवलं जातं, आणि तेवढ्यानं बाकीच्या गावांची सुटका होते. प्रत्यक्षात गडचिरोलीत तेराशेहून अधिक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत. त्यातल्या पुष्कळ ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करतात. काहींना ठेकेदारांनी बुडवलं, रकमा थकवल्या. काही गावांत हिशेब दोन-तीन जाणत्यांच्या घरात अडकला. या गावांपाशी नसलेली कुठलीही जगावेगळी गोष्ट मेंढ्यापाशी नाही. तिथे सभा होते, एवढंच.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावानं तर उत्पन्नच नाकारून दाखवलं. २०१२ साली त्यांना हजारेक हेक्टरवर हक्क मिळाला. तेंदूपत्त्याचे पैसे रोख, एका हंगामात, हातात. पण चांगली पानं यावीत म्हणून झाडाच्या फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, आणि बांबूची नवी पिलं त्यात जळतात. गावानं बसून ठरवलं की तेंदू तोडायचा नाही, बांबूवर जगायचं. अर्थखात्याच्या कुठल्याही नमुन्यात ‘न घेतलेलं उत्पन्न’ असा रकाना नाही. मरका पंडुमाच्या रीतीत मात्र तो आहे.

फेकचे उपायुक्त

परंपरेतल्या नेत्यांच्या हाती सरकारी पैसा द्यायचा, तो कसा, याचा देशातला एक दीर्घ प्रयोग गडचिरोलीपासून दूर, नागालँडात झाला, आणि त्याची सुरुवात एका मराठी नावाच्या अधिकाऱ्यानं केली. अच्युत माधव गोखले. १९७६ साली ते फेक जिल्ह्याचे उपायुक्त होते.

नागालँडला पंचायतराजचा घटनेतला भाग लागू नाही. तिथलं गाव तिथल्या रूढीनं चालतं, आणि रूढीही एक नाही. कोन्याक जमातीत वंशपरंपरेनं येणारा प्रमुख, आंग, असतो. सुमींमध्ये गावप्रमुख असतो. अंगामी आणि चाखेसांगांत तसा एकटा प्रमुख नसतोच, कुळांचे वडीलधारे बसून ठरवतात. शिवाय इंग्रजांच्या काळापासूनचे लाल शालीतले गावबुढे. गोखल्यांनी यातलं काही मोडायला घेतलं नाही. गावाची जी परिषद रूढीनं बसते तिच्याच पोटात एक ग्रामविकास मंडळ बसवायचं, घरामागे ठरावीक रक्कम थेट त्याच्या खात्यात टाकायची, काय करायचं ते गावानं ठरवायचं. फेकमध्ये ते चाललं. १९७८च्या कायद्यानं ग्रामपरिषदांना आधार मिळाला आणि १९८० पासून ही मंडळं राज्यभर आली. गोखले पुढे राज्याचे मुख्य सचिव झाले. १९९० साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या रचनेतला बारकावा पाहण्यासारखा आहे. मंडळाचा पदसिद्ध अध्यक्ष उपायुक्त, सचिव गावानं निवडलेला, खातं दोघांच्या सहीचं. म्हणजे गावाला पैसा दिला, पण एकट्याच्या हाती दिला नाही. मंडळात चौथा हिस्सा बायका असल्याच पाहिजेत, निधीतले २५ टक्के बायकांच्या आणि २० टक्के तरुणांच्या कामांसाठी. गावानं बँकेत ठेव ठेवली तर सरकारनं तेवढीच भर घालायची आणि त्या ठेवीच्या तारणावर कर्ज मिळवायचं. २००२ साली नागालँडनं याच वाटेनं शाळा, दवाखाने आणि वीज गावसमित्यांच्या हाती देणारा कायदा केला. शिक्षकाचा पगार गावसमितीमार्फत, आणि काम नाही तर पगार नाही. २००८ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रसंघाचा लोकसेवा पुरस्कार मिळाला.

आणि तरीही. पैसा घरांच्या संख्येवर मिळतो, मग घरं वाढतात. पैसा आणि मतदारसंघ दोन्ही लोकसंख्येवर ठरत असले की माणसंही वाढतात. २००१च्या जनगणनेत नागालँडची दहा वर्षांतली वाढ ६४ टक्क्यांवर दाखवली गेली, देशात सर्वांत जास्त. खुद्द राज्य सरकारनंच ते आकडे नाकारले. २०११ ला मोजणी काटेकोर झाली तर लोकसंख्या आधीच्या आकड्यापेक्षा थोडी कमी निघाली. आपापसात कमालीच्या सचोटीनं वागणारं गाव सरकारपुढे एक होऊन घरं फुगवू शकतं. ‘गावाचं काम’ आणि ‘सरकारी काम’ ही वाटणी तिथेही होतीच. आपल्या पैशाला खोटं चालत नाही, सरकारच्या पैशाला चालतं.

सभेत कोण बसतं

परंपरेची स्तुती करणाऱ्यानं एक प्रश्न टाळू नये. भूमियाची, पाटलाची, इलाख्याची ही सभा कुणाची होती? बहुतेक ठिकाणी पुरुषांची. मेघालयात खासी समाज मातृवंशीय, मालमत्ता धाकट्या मुलीकडे, पण गावाच्या दोरबारात, म्हणजे गावसभेत, बायका बसत नसत. रोजगार हमी योजना आली तेव्हा दोरबारच्या बाजूला घरटी एक बाई आणि एक पुरुष अशी वेगळी ग्राम रोजगार परिषद उभी करावी लागली. नागालँडच्या मंडळांतला चौथा हिस्सा रूढीनं दिला नाही, नियमानं दिला.

गडचिरोलीत हा प्रश्न कुर्मा घरापाशी येऊन टोचतो. पाळीच्या दिवसांत बाईनं गावाच्या कडेला वेगळ्या झोपडीत राहायचं, ही रूढी. ती झोपडी गळकी, अंधारी, विंचूकाट्याची. रूढी जपण्याचा अधिकार पेसानं ग्रामसभेला दिला आहे. मग सरकारी पैशातून चांगलं, विजेचं, न्हाणीघराचं कुर्मा घर बांधायचं का? बांधलं तर रूढीवर सरकारी शिक्का बसतो. नाही बांधलं तर या पावसाळ्यात बाई त्याच गळक्या छपराखाली निजते. जिल्ह्यात सुधारलेली विसावा केंद्रं उभी राहिली आहेत आणि त्यावर दोन्ही बाजूंनी वादही झाले आहेत. या प्रश्नाचं उत्तर मुंबईतून देता येत नाही आणि भूमियाच्या एकट्याच्या ओसरीवरही देता येत नाही. ज्यांना त्या झोपडीत राहावं लागतं त्या ज्या सभेत बसून बोलतात, ठराव त्याच सभेचा हवा.

कोरचीत ही गोष्ट जुळवून आणल्याचं दिसतं. त्या तालुक्यात कुमकोट, पडियालजोब, कोडगूल असे जुने इलाखे आहेत. २०१६-१७ च्या सुमारास नव्वदेक ग्रामसभांनी मिळून महाग्रामसभा उभी केली. वनोपजाचे व्यवहार, खाणींना विरोध, वनहक्काचे कागद अशी तिची कामं. प्रत्येक ग्रामसभेतून तिथे दोन बायका आणि दोन पुरुष येतात. इलाख्याची रीत ठेवली, बैठकीचा गोल ठेवला, फक्त गोलात माणसं वाढवली. रूढी अशीही बदलते, कुणी हुकूम न काढता.

वाचून दाखवा

मराठी मुलखाला ‘चावडीवाचन’ हा शब्द जुना आहे. महसुलाच्या नोंदी चावडीवर मोठ्यानं वाचायच्या, ज्याला हरकत असेल त्यानं तिथेच बोलायचं. लिहिता न येणाऱ्या समाजात खोटं पकडण्याची ती सर्वांत स्वस्त यंत्रणा होती. आज आपण पारदर्शकता म्हणजे संकेतस्थळ समजतो. भामरागडच्या टोल्यात संकेतस्थळ उघडत नाही, आणि उघडलं तरी त्यावरची मराठी माडियाला परकी असते. ‘प्रशासकीय मान्यता’ आणि ‘अखर्चित शिल्लक’ हे शब्द तर पुण्याच्या माणसालाही परके.

इतकं फिरून आल्यावर माझं मत एका ठिकाणी येऊन थांबतं. पैसा भूमियाच्या हाती द्यावा की सरपंचाच्या, हा वाद आपण पंचवीस-तीस वर्षं घालत आहोत, आणि तो दुय्यम आहे. जिथे हिशेब सगळ्यांसमोर, सगळ्यांना कळेल अशा भाषेत वाचला जातो तिथे दोघांपैकी कुणीही चालतो. जिथे वाचला जात नाही तिथे दोघांपैकी कुणीही पुरत नाही. मेंढ्यानं, पाचगावानं, कोरचीनं आपल्या जुन्या बैठकीत ही एक नवी गोष्ट घातली. नागालँडनं दोन सह्या घातल्या, पण घरांची यादी खरी ठेवता आली नाही, आणि तिथेच पाणी मुरलं.

यासाठी नवा कायदा लागत नाही. खर्चाचा दाखला ग्रामसभेनं द्यायचा, हे १९९६ पासून लिहिलेलं आहे. नवा निधीही लागत नाही. लागतं ते एवढंच: कीर्द पंचायतीच्या कपाटातून काढून टोल्यावर न्यावी, गावाच्या सामाईक घरात, गोटुलात उघडावी, आणि गावातल्याच एखाद्या मुलीनं ती गोंडीत किंवा माडियात, रकमेसह आणि नावासह, सावकाश वाचावी. प्रश्न संपेपर्यंत कुणी सही मागू नये. आणि ही सभा मार्चअखेरची वाट न पाहता फेब्रुवारीत घ्यावी, मोह गळायला लागायच्या आधी.